पर्यटकांना मर्यादा हवी, पण पैशांची नको

स्तर ४ : मत-लेख

वाचण्यापूर्वी : मत-लेखात माहिती असते आणि लेखकाचं मतही असतं. वाचताना माहितीच्या वाक्याखाली एक रेघ ओढा आणि मताच्या वाक्याखाली दोन रेघा ओढा. लेखातलं मत तुम्हाला पटलंच पाहिजे असं अजिबात नाही. पटलं नाही, तर का पटलं नाही ते सांगता आलं पाहिजे.

१. यादी बदलते, देश तेच राहतात



सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच प्रश्न निघतो, "यंदा कुठे जायचं?" तुमच्यापैकी कुणी लंडनजवळ राहतं, कुणी ॲमस्टरडॅमला, कुणी दुबईत, कुणी न्यू जर्सीत. पण या चर्चेत युरोपचं नाव हमखास येतं. गंमत म्हणजे दर काही वर्षांनी त्यातल्या देशाचं नाव बदलतं. मध्यंतरी जो तो आइसलँडला निघाला होता. मग क्रोएशियाचे फोटो दिसायला लागले. आता अल्बेनियाचे दिसतात.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकले. भूगोलाच्या तासाला फळ्यावर युरोपचा नकाशा टांगलेला असायचा आणि आम्ही राजधान्या पाठ करायचो. फ्रान्सची पॅरिस, स्पेनची माद्रिद, अल्बेनियाची तिराना. त्या नकाशावर सगळे देश सारखेच महत्त्वाचे होते. कुठला देश 'भारी' आणि कुठला 'बोअर', हे नकाशा सांगत नव्हता.

मग हे ठरवतं कोण? आणि एकदा ठरलं की त्या देशातल्या लोकांचं काय होतं? या दोन प्रश्नांवर मला माझं मत मांडायचं आहे. थोडक्यात सांगायचं तर ते असं आहे : गर्दी झाली की शहरांनी पर्यटकांवर मर्यादा घालावी, तो त्यांचा हक्क आहे. पण ती मर्यादा माणसांच्या संख्येची असावी, खिशातल्या पैशांची नसावी.

२. देश लोकप्रिय कसा होतो?

समुद्र, डोंगर, जुने किल्ले आणि चर्च काल होते तिथेच आजही आहेत. देश एका रात्रीत सुंदर होत नाही. बदलतात त्या दुसऱ्याच गोष्टी. त्यातल्या काही बघू या.

पहिली गोष्ट, पैसा आणि विमान. स्पेनचंच उदाहरण घ्या. १९५९ मध्ये स्पेनच्या सरकारने आपल्या चलनाची, म्हणजे पेसेताची, किंमत कमी केली. त्यामुळे बाहेरून येणाऱ्यांना स्पेन एकदम स्वस्त झाला. त्याच काळात ब्रिटन आणि जर्मनीतून चार्टर विमानं सुटू लागली. विमान, हॉटेल, जेवण असं सगळं एका किमतीत मिळू लागलं. १९६० मध्ये स्पेनला सुमारे ६० लाख पाहुणे आले होते. १९७३ पर्यंत हा आकडा ३ कोटींच्या वर गेला. बेनिदोर्म नावाच्या मच्छीमारांच्या गावात उंचच उंच हॉटेलं उभी राहिली. समुद्र मात्र पूर्वीचाच होता.

दुसरी गोष्ट, सीमा. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि पूर्व युरोपची दारं उघडली. प्राग आणि बुडापेस्ट ही शहरं पश्चिमेकडच्या लोकांना सहज बघता येऊ लागली. १९९७ पासून युरोपियन युनियनमधल्या कुठल्याही विमान कंपनीला युनियनमधल्या कुठल्याही दोन शहरांमध्ये विमान चालवायची मोकळीक मिळाली. २००४ मध्ये पोलंड, चेक प्रजासत्ताक, हंगेरी असे देश युनियनमध्ये आले. मग स्वस्त विमान कंपन्या तिकडेही पोचल्या आणि क्राकोव्हला शनिवार-रविवारी जाऊन येणं सोपं झालं. क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ ला युरो स्वीकारला आणि त्याच दिवशी तो देश शेंगेन भागात आला. शेंगेन म्हणजे एका व्हिसावर अनेक देशांत फिरता येतं तो भाग. पैसे बदलायला नकोत, सीमेवर रांग नको, म्हणून जाणं आणखी सोयीचं झालं.

तिसरी गोष्ट, सिनेमा. हे आपल्या घरातलंच उदाहरण आहे. तुमच्या आई-बाबांना विचारा, स्वित्झर्लंड म्हटल्यावर त्यांना पहिल्यांदा काय आठवतं? बहुतेक जण यश चोप्रांच्या सिनेमांतली गाणी सांगतील. काश्मीरमध्ये अशांतता वाढल्यावर हिंदी सिनेमावाल्यांना बर्फाचे डोंगर दुसरीकडे शोधावे लागले. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' हा सिनेमा १९९५ मध्ये आला आणि त्यानंतर भारतीय टूर स्वित्झर्लंडशिवाय पुरी होईना. इंटरलाकेन शहरात यश चोप्रांचा पुतळा आहे. टिटलिस पर्वतावर शाहरुख आणि काजोलचं कटआउट आहे आणि तिथे फोटो काढायला लोक थांबतात. २०११ मध्ये 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' आला आणि स्पेनही आपल्या लोकांच्या यादीत वर सरकला. त्याच वर्षी 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका सुरू झाली. पुढे तिचं शूटिंग क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकमध्ये झालं आणि जगभरचे लोक तिथल्या तटबंदीवर चढायला निघाले.

चौथी गोष्ट, चक्क संकट. २००८ मध्ये आइसलँडच्या मोठ्या बँका बुडाल्या आणि तिथलं चलन घसरलं. महागडा देश पाहुण्यांना जरा परवडू लागला. २०१० मध्ये तिथे एक ज्वालामुखी फुटला. त्याचं नाव एयाफ्यात्लायोकुत्ल. हे नाव वाचताना बातम्या देणाऱ्यांचीही बोबडी वळत होती! राखेमुळे युरोपभर विमानं बंद पडली. पण त्यामुळे आइसलँड रोज टीव्हीवर दिसला. २०१० मध्ये तिथे सुमारे ५ लाख पर्यटक आले होते. २०१८ मध्ये २३ लाख आले. आणि देशाची लोकसंख्या किती? तेव्हा साधारण साडेतीन लाख.

पाचवी गोष्ट अगदी ताजी आहे, ती म्हणजे उन्हाळा. जुलै २०२३ मध्ये ग्रीसमध्ये एवढं ऊन तापलं की अथेन्सचं ॲक्रोपोलिस भर दुपारी काही तास बंद ठेवावं लागलं. त्याच महिन्यात रोड्स बेटावर वणवा पेटला आणि सुमारे १९,००० माणसांना सुरक्षित जागी हलवावं लागलं. त्यात पर्यटक पुष्कळ होते. आता काही कुटुंबं उन्हाळ्यात दक्षिणेऐवजी नॉर्वे किंवा फिनलंडचा विचार करतात. भूमध्य समुद्राचं ऊन खायला जाणारे लोक ऊन टाळायला उत्तरेला निघालेत!

यावरून एक गोष्ट माझ्या लक्षात येते. आपण म्हणतो, "मी हा देश निवडला." पण ही निवड पूर्णपणे आपली नसते. चलन, विमान, व्हिसा, सिनेमा आणि हवामान यांनी ती अर्धी आधीच केलेली असते. उरलेली अर्धी आपल्या फोनने केलेली असते. एका व्हिडिओवर तुम्ही दोन सेकंद जास्त थांबलात की फोन तसेच आणखी दहा दाखवतो. मग सगळ्यांना तीच दहा ठिकाणं दिसतात आणि सगळे तिथेच जातात.

३. दुसरं व्हेनिस लावता येत नाही

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे एखादी वेबसाइट एकाच वेळी खूप लोकांनी उघडली की सर्व्हरवर लोड येतो. मग आम्ही आणखी चार सर्व्हर जोडतो आणि लोक वाटून देतो. काम भागतं.

शहराचं तसं नसतं. दुसरं व्हेनिस जोडता येत नाही.

व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५० च्या सुमारास पावणेदोन लाख लोक राहत होते. आज ५०,००० सुद्धा राहत नाहीत. याची कारणं अनेक आहेत. घरं जुनी आहेत, पाणी चढतं, नोकऱ्या दुसरीकडे आहेत. पण एक मोठं कारण पर्यटन हेही आहे. घरमालक साधा हिशोब करतो. एका कुटुंबाला वर्षभर घर भाड्याने द्यायचं, की रोज नव्या पाहुण्याला द्यायचं? पाहुण्याकडून जास्त पैसे मिळतात. मग कुटुंब बाहेर पडतं. कुटुंबं गेली की मुलं जातात, मुलं गेली की शाळा ओस पडते. भाजीच्या दुकानाच्या जागी मुखवट्यांचं दुकान येतं. शेवटी शहर दिसायला तसंच राहतं, पण तिथे कुणाची आजी राहत नाही.

बार्सिलोनातही हाच राग आहे. जून २०२४ मध्ये तिथल्या महापौरांनी जाहीर केलं की पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या १०,१०१ घरांचे परवाने पुन्हा दिले जाणार नाहीत आणि नोव्हेंबर २०२८ पर्यंत ही सगळी घरं बंद होतील. पुढच्याच महिन्यात मोर्चा निघाला आणि काही लोकांनी रस्त्यावर बसून जेवणाऱ्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. पिचकारी मारणं मला आवडलं नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाने बार्सिलोनाचे नियम लिहिलेले नाहीत. पण घरभाडं परवडत नाही म्हणून स्वतःच्या गल्लीतून उठावं लागणाऱ्या माणसाचा राग मला समजतो.

म्हणून मर्यादा घालायचा हक्क तिथे राहणाऱ्यांचा आहे, असं मी म्हणते. आपल्या घरी पाहुणे आले तर आपण त्यांना चहा देतो, जेवायला बसवतो. पण किती जण राहू शकतील, हे घरातली माणसंच सांगणार ना?

४. "आता कुठे आमचा नंबर लागला!"

इथे दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. ती दोन प्रकारची आहे.

पहिली बाजू पोटाची आहे. अल्बेनिया बघा. एन्वर होजा या हुकूमशहाच्या काळात हा देश जगापासून तोडलेला होता. लोकांना बाहेर जाता येत नव्हतं, बाहेरच्यांना आत येणं फार अवघड होतं. देशभर काँक्रीटचे हजारो बंकर बांधले होते. १९९० नंतर ती राजवट संपली आणि लाखो लोक कामासाठी देश सोडून गेले. आज त्याच देशाची लोकसंख्या सुमारे २४ लाख आहे आणि २०२३ मध्ये तिथे १ कोटीहून जास्त परदेशी पाहुणे आले. ज्या गावातून तरुण मुलं निघून गेली होती, तिथे आज कुणी खानावळ चालवतं, कुणी बोट चालवतं. त्यांना "पर्यटक वाईट" असं कसं सांगणार?

दुसरी बाजू आपल्या जास्त जवळची आहे. युरोपातली आणि अमेरिकेतली माणसं गेली साठ-सत्तर वर्षं मजेत फिरत आहेत. आपल्या आजी-आजोबांनी त्या काळात काय केलं? नोकरी केली, घराचे हप्ते फेडले, मुलांना शिकवलं. त्यातली पुष्कळ जणं पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसली. त्यांच्यासाठी युरोप म्हणजे आयुष्यात एकदाच होणारी गोष्ट. त्यासाठी व्हिसाचा फॉर्म, बँकेचे कागद, विमा, बोटांचे ठसे हे सगळं करावं लागतं. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. तुम्ही लंडनला राहत असाल, तर तुमच्याकडे यायला ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि पॅरिस बघायला शेंगेनचा वेगळा. तुमच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट असेल तर ही व्हिसाची धावपळ तुम्हाला जाणवणारही नाही.

आणि नेमकी अशी माणसं दारात पोचली तेव्हाच म्हणायचं, "माफ करा, फार गर्दी झाली आहे." हा न्याय झाला का? "आता कुठे आमचा नंबर लागला आणि तुम्ही दार लावताय?" असं कुणी विचारलं, तर तो प्रश्न चुकीचा नाही.

म्हणून मर्यादा हवी की नको यावरच आपण थांबू नये. मर्यादा कशी हवी, हे त्याहून महत्त्वाचं आहे.

५. पैशांची मर्यादा आणि संख्येची मर्यादा

गर्दी कमी करायचे मुख्य मार्ग दोन. एक म्हणजे किंमत वाढवा. दुसरा म्हणजे संख्या ठरवा.

व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवसांसाठी प्रवेश फी सुरू केली. जे लोक फक्त दिवसभरासाठी येतात त्यांना ५ युरो. १४ वर्षांखालच्या मुलांना फी नाही. शहरात रात्री मुक्काम करणाऱ्यांनाही ही फी नाही, कारण ते हॉटेलात वेगळा कर भरतात. २०२५ मध्ये फीचे दिवस वाढवले आणि जे आयत्या वेळी पैसे भरतात त्यांच्यासाठी फी १० युरो केली. टीका करणारे म्हणाले की यामुळे गर्दी काही कमी झाली नाही. मला हे पटतं. एवढा खर्च करून इटलीला आलेला माणूस पाच युरोंसाठी मागे फिरणार नाही. फीने गर्दी खरोखर कमी करायची असेल तर ती शंभर युरो करावी लागेल. मग काय होईल? श्रीमंत माणूस दरवर्षी येईल आणि शाळेतल्या शिक्षकाच्या पेन्शनवर आलेली आजी बाहेर राहील.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने जानेवारी २०२६ पासून युरोपियन आर्थिक क्षेत्राच्या बाहेरून येणाऱ्यांसाठी तिकीट ३२ युरो केलं आहे. त्या क्षेत्रातल्या लोकांना ते २२ युरोंना मिळतं. हे वाचून राग आला ना? पण थांबा, आपल्याकडेही असंच आहे. वेरूळची लेणी बघायला भारतीय माणसाला ४० रुपये लागतात आणि परदेशी पाहुण्याला ६०० रुपये. तुमच्याकडे ओसीआय कार्ड असेल तर तुम्हाला भारतीयांचाच दर लागतो. इथल्या लोकांच्या करातून जी जागा जपली जाते तिथे त्यांना सवलत असावी, हे म्हणणं मला समजतं. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. वेगळ्या दराने पैसे गोळा होतात. गर्दी वाटली जात नाही.

आता दुसरा मार्ग बघा. स्पेनमध्ये बुन्योल नावाचं छोटं गाव आहे. तिथे दरवर्षी ऑगस्टमध्ये लोक एकमेकांना टोमॅटो मारतात. 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'मध्ये हीच ला तोमातिना दिसते. गावाची वस्ती दहा हजारांच्या आसपास आणि येणारे लोक चाळीस-पन्नास हजार! २०१३ पासून गावाने तिकीट सुरू केलं आणि ठरवलं की २०,००० माणसंच येतील. सण आजही होतो. टोमॅटो आजही उडतात.

अथेन्सच्या ॲक्रोपोलिसने सप्टेंबर २०२३ पासून दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा घातली आणि तिकिटावर वेळ छापली. ॲमस्टरडॅममध्ये ॲन फ्रँक जिथे लपून राहिली होती ते घर बघायला फक्त ऑनलाइन आणि ठरावीक वेळेचं तिकीट मिळतं. ग्रानादाच्या आल्हांब्रा महालाच्या तिकिटावर तुमचं नाव असतं, म्हणजे दलालाने शंभर तिकिटं घेऊन ठेवायची सोय नाही. दुब्रोव्हनिकने ठरवलं की दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं येतील.

आणि हे फक्त युरोपालाच जमतं असं नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्याच्या शेवटी रानफुलांचा गालिचा पसरतो. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर कासही जागतिक वारशाच्या यादीत आलं आणि गाड्यांची रांग लागली. लोक फुलांवर बसून फोटो काढू लागले. आता फुलांच्या दिवसांत तिथे रोज ठरावीक संख्येनेच माणसांना सोडतात. आधी बुकिंग करावं लागतं आणि फी साधी असते. मुंबईचा मोठा अधिकारी असो की साताऱ्याचा रिक्षावाला, दोघांना एकाच यादीत नाव घालावं लागतं.

हाच फरक मला महत्त्वाचा वाटतो. किंमत वाढवली की विचारलं जातं, "तुझ्याकडे पैसे किती?" संख्या ठरवली की विचारलं जातं, "तू आधी ठरवलंस का?" दुसरा प्रश्न जास्त न्यायाचा आहे.

कुणी म्हणेल, "पण ऑनलाइन बुकिंग म्हाताऱ्या माणसांना जमत नाही. वेबसाइट इंग्रजीत, पासवर्ड विसरतात, कार्ड चालत नाही." बरोबर आहे. ही अडचण खरी आहे. शहरांनी काही तिकिटं खिडकीवर ठेवली पाहिजेत, हे मला मान्य आहे. पण पैशांची अडचण आणि पासवर्डची अडचण सारखी नाही. पैसे नसतील तर तुम्ही आजीला मदत करू शकत नाही. पासवर्ड मात्र तुम्ही दहा मिनिटांत करून देऊ शकता.

६. मग आपण काय करायचं?

"सगळे व्हेनिसला जातात, तर आपण अल्बेनियाला जाऊ," असं म्हणून प्रश्न सुटत नाही. गर्दी फक्त जागा बदलते. आज अल्बेनियात जे चाललंय ते स्पेनमध्ये साठ वर्षांपूर्वी होत होतं. म्हणून कुठे जातो याइतकंच आपण कसे जातो आणि कधी जातो याकडे बघितलं पाहिजे. मी तीन गोष्टी सुचवते.

एक. जे जवळ राहतात त्यांनी गर्दीचे दिवस दुसऱ्यांना सोडावेत. तुम्ही ब्रिटनमध्ये किंवा युरोपात राहत असाल, तर रोम तुम्हाला दोन-तीन तासांच्या विमानावर आहे. ऑक्टोबरची किंवा फेब्रुवारीची छोटी सुट्टी असते, तेव्हा जा. पुण्याहून येणाऱ्या आजोबांना थंडी सोसत नाही आणि त्यांचा व्हिसा ठरावीक दिवसांचा असतो. त्यांना मे-जून मिळू दे. आपण बसमध्ये उठून जागा देतो, तसंच हे आहे.

दोन. जमलं तर मुक्काम करा. सकाळी आठला उतरायचं, पुलावर फोटो काढायचा आणि चारला बस पकडायची, यात शहराला कचरा मिळतो आणि तुम्हाला फक्त फोटो. दोन रात्री राहिलात तर संध्याकाळी बाहेरची गर्दी गेल्यावर शहर दिसतं. घर भाड्याने घेत असाल तर त्याला परवाना आहे का ते बघा. बार्सिलोनासारख्या शहरात जाहिरातीत परवान्याचा नंबर लिहावा लागतो. नंबर शोधायचं काम आई-बाबांपेक्षा तुम्ही लवकर कराल.

तीन. टूरबरोबर जाणार असाल तर गट लहान आहे का ते विचारा. व्हेनिसने २०२४ पासून गाइडबरोबरच्या गटात २५ पेक्षा जास्त माणसं चालत नाहीत असा नियम केला आणि गाइडला लाउडस्पीकरही बंद केला. आपल्या टूरमध्ये बसभर माणसं असतात आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाजही चढतो. हा नियम आपल्यावर कुणी राग काढायला केलेला नाही. खिडकीच्या आत कुणाचं तरी बाळ झोपलेलं असतं.

फ्रान्समध्ये २०२४ साली सुमारे १० कोटी पाहुणे आले आणि स्पेनमध्ये सुमारे ९ कोटी ४० लाख. दोन्ही देशांत राहणाऱ्या माणसांपेक्षा पाहुणे जास्त. हे आकडे खाली येतील असं मला वाटत नाही, कारण जगात पहिल्यांदाच फिरायला निघालेली माणसं अजून खूप आहेत. त्यात आपलीही आहेत. त्यांना येऊ द्यायचं असेल आणि तिथे राहणाऱ्यांनाही नीट राहू द्यायचं असेल, तर रांग लागणार. रांगेचं मला काही वाटत नाही. फक्त त्या रांगेत पुढे कोण, हे पाकीट बघून ठरू नये.

पुढच्या वेळी घरात सुट्टीची चर्चा निघाली की "सगळे जातात म्हणून" हे कारण बाजूला ठेवा. आधी विचारा, "आपल्याला पुन्हा जाता येईल का? आणि ज्याला पुन्हा येता येणार नाही, त्याच्यासाठी आपण कोणता महिना सोडू शकतो?" हे दोन प्रश्न मराठीतच विचारा. आई-बाबा जरा चकित होतील, पण उत्तर नक्की देतील.

विचार करा आणि लिहा

१. एखादा देश लोकप्रिय होण्याची लेखात पाच कारणं आहेत. ती तुमच्या शब्दांत सांगा. सहावं कारण तुम्हाला सुचतं का?

२. "पैशांची मर्यादा" आणि "संख्येची मर्यादा" यांत काय फरक आहे? प्रत्येकी एक उदाहरण द्या.

३. लेखिकेचं कोणतं मत तुम्हाला पटलं नाही? पाच-सहा वाक्यांत तुमची बाजू मांडा.

४. तुमच्या आजी-आजोबांना किंवा घरातल्या मोठ्या माणसांना फोन करून विचारा : "तुम्ही पहिल्यांदा परदेशात कधी आणि का गेलात?" त्यांचं उत्तर वर्गात मराठीत सांगा.

५. 'आता कुठे आमचा नंबर लागला', 'बोबडी वळणे', 'ओस पडणे' हे शब्दप्रयोग वापरून प्रत्येकी एक वाक्य तयार करा.